माशी आणि मासा



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल, तर ते अगदी रास्त आहे. वैशाखाचे दिवस, मराठवाड्याचा मुलूख, आणि हा गृहस्थ सांगणार काय, तर सुटीत मुलाबाळांना घेऊन पिसांच्या माशीने मासे धरायला कसे जावे! ज्या मुलखात चैत्र सरता सरता टँकरची वाट पाहावी लागते, जिथे २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावे लागले, तिथे नदीकाठच्या सहलीचा बेत सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नांची यादी वाचून दाखवण्यासारखे आहे, असे कोणी म्हणाले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. एवढेच म्हणेन की, हा बेत मनापासून आखायला बसले म्हणजे जे प्रश्न पुढे येतात, ते आपल्या सर्वांच्याच जिव्हाळ्याचे आहेत. ते प्रश्न आपल्यापुढे मांडावेत, म्हणूनच हा विषय मी निवडला.

प्रथम ही माशीची भानगड काय आहे ते सांगितले पाहिजे. आपल्याकडचा नेहमीचा गळ आपणांस ठाऊक आहे. दोऱ्याच्या टोकाला गळ, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, आणि वर तरंगणारा भेंडाचा नाहीतर बुचाचा तुकडा. तो तुकडा बुडाला की काठी उचलायची. यात माणसाने बसायचे आणि माशाने यायचे. माशीच्या गळात याच्या उलट असते. इथे आमिष खरे नसतेच. बारीक गळावर रेशमाचा दोरा आणि पिसाचे चार तंतू गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखे एक सोंग तयार करतात. त्याला वजन असे काहीच नसते, त्यामुळे ते दगडासारखे भिरकावता येत नाही. म्हणून दोरच थोडा जड घेतात. काठी मागे नेऊन पुढे आणली की तो दोर हवेत चाबकासारखा उलगडतो आणि त्याच्या टोकाची माशी खऱ्या माशीसारखी अलगद पाण्यावर उतरते. जमले तर मासा तिला खरी समजून वर येतो. न जमले तर ती माशी मागच्या बाभळीवर जाऊन बसते. नवशिक्याची पहिली शिकार बहुधा बाभळच असते.

ही विद्या साहेबाची, आपल्याला तिचे काय, असा दुसरा आक्षेप. इंग्रजांनी तिचा मोठा थाट केला हे खरे. परंतु ती त्यांनी शोधलेली नाही. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या ईलियन नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांची हकिकत लिहून ठेवली आहे. तिथल्या नदीतले मासे एका माशीवर तुटून पडत; पण ती माशी माणसाचा हात लागताच निस्तेज होई. म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून वर कोंबड्याची दोन पिसे बांधीत. जपानातल्या डोंगरी ओढ्यांवरही फार दिवसांपासून बिनफिरकीच्या लांब काठीला दोरा बांधून पिसांची माशी खेळवतात. तिला तेन्कारा म्हणतात.

आणि आपले म्हणाल, तर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आपल्या मराठवाड्याला खेटून असलेल्या बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंद याच ग्रंथात सापडते, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतात. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक अध्याय आहे. त्यात माशांचे खवलेवाले आणि बिनखवल्यांचे असे प्रकार पाडले आहेत, कोणत्या माशाला काय खाऊ घालावे ते सांगितले आहे आणि काठी, दोरी, गळ यांचेही वर्णन आहे. या अध्यायाचा शास्त्रीय अभ्यास मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. याच होरांचे नाव आपल्या चिं. वि. कुळकर्णी यांनी मुंबईकडच्या खाड्यांतल्या एका इवल्याशा माशाला १९४० साली दिले होते. तो मासा तेव्हा शास्त्रात ‘होराइक्थिस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सांगायचा मुद्दा असा की, माशाला ओळखून मग त्याच्यापुढे आमिष ठेवणे ही गोष्ट या मातीला परकी नाही.

आता आपल्या बेताकडे वळू. उदाहरणासाठी मी एक गाव घेतो, जालना जिल्ह्यातले कुंभार पिंपळगाव. घनसावंगी तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब येथून जवळच. दक्षिणेला गोदावरी, आणि नदीपलीकडे बीड जिल्हा. समजा, हे आपल्या मुलांचे आजोळ आहे. शाळा सुटली, पुण्यामुंबईची भाचेमंडळी आली, आंबे पिकायला घातले, पत्त्यांचे डाव झाले. चौथ्या दिवशी मुलांना कंटाळा आला आणि ती आपापला फोन घेऊन कोपऱ्यात बसली. अशा वेळी मामाने म्हणावे, ‘चला, उद्या पहाटे गंगेवर जाऊ.’ आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पण असे म्हणण्याआधी मामाने चार गोष्टींचा विचार केलेला असला पाहिजे, आणि काठी ही त्यांतली शेवटची गोष्ट आहे.

पहिली गोष्ट पाणी. ते कुठे आहे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर आभाळाकडे पाहून देता येत असे. आज ते पैठणकडे पाहून द्यावे लागते. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागरातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून तो जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो. या पाण्याने ऊस आला, साखर कारखाने आले, घरे सुधारली. हे उपकार कोणी नाकारू नयेत. पण पैठणच्या खालची नदी मात्र उन्हाळ्यात आपली आपण वाहीनाशी झाली. वरून सोडले तर पाणी, एरवी वाळू. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी अशा ठिकाणी बंधारे बांधून तिचे पाणी अडवले आहे. तेव्हा मे महिन्यात आपल्याला नदी बहुधा वाहती भेटत नाही. ती कुठे बंधाऱ्यामागे तुंबलेली, कुठे डोहात साठलेली आणि मध्ये कोरडी अशी तुकड्यातुकड्यांनी भेटते. म्हणून बेताचा पहिला दिवस चौकशीचा. कोणत्या बंधाऱ्यात किती पाणी आहे, वरून आवर्तन कधी सुटणार आहे, हे पाटबंधारे खात्याच्या माणसाला आणि काठच्या शेतकऱ्याला विचारले पाहिजे. ही चौकशी मामाने एकट्याने करू नये. मुलांना बरोबर न्यावे. आपल्या आजोळची नदी कुठून सुटते आणि कोणाच्या हुकमाने सुटते, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या चौकशीत त्यांना अधिक कळेल.

दुसरी गोष्ट परवानगी. पाणी सरकारचे, तेव्हा ते सर्वांचे, असा आपला एक सोयीस्कर समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळशा तलावांत आणि जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्या संस्थेचे सभासद बोटुकली विकत आणून पाण्यात सोडतात, ती वाढेपर्यंत राखण करतात आणि त्यावर आपली घरे चालवतात. आपली मौज ही त्यांची भाकरी आहे. तेव्हा आधी त्यांच्याकडे जावे, विचारावे, जे शुल्क असेल ते द्यावे. आणि त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्या भोईदादांना ‘आमच्या मुलांबरोबर तासभर बसाल का?’ असे विनवावे.

या विनवणीत नुसता शिष्टाचार नाही. आपल्या नद्यांतल्या माशांचे पहिले पंडित हेच लोक होत. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावे जशीच्या तशी उचलली. महासीर म्हणून जो मोठा मासा प्रसिद्ध आहे, त्याच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव ‘खुद्री’. दुसऱ्या माशांची नावे ‘कोलुस’, ‘बोगट’, ‘कव्रुस’. लॅटिनच्या पोशाखात बसलेले हे आपले देशी शब्द आहेत. जगभरचे शास्त्रज्ञ आजही ते उच्चारतात, आणि ते ज्यांच्या तोंडून आले त्यांचे नाव कोठेही नाही. आपल्या मुलांनी निदान त्यांच्या नातवंडांना ‘दादा’ म्हणून हाक मारावी आणि त्यांच्याकडून दहा माशांची नावे शिकावीत.

तिसरी गोष्ट जिवाची काळजी. इथे मी हसतखेळत बोलणार नाही. दर उन्हाळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यांतली कितीतरी मुले सुटीला आलेली असतात. गोदावरीच्या पात्रात वाळू उपसल्याने खोल खड्डे पडले आहेत. वरून पाणी सपाट दिसते; घोटाभर पाण्यातून चालणारा मुलगा पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात जातो. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. त्यावरून घसरलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. सिमेंटच्या कालव्याचीही तीच गत. म्हणून शेततळे आणि कालवा या बेतातून अगदी वगळावेत. बंधाऱ्याच्या दारांजवळ जाऊ नये. नदीकाठी पाण्याच्या मोटारींच्या केबली पसरलेल्या असतात, त्यांच्या आसपास पाण्यात उतरू नये, आणि वरून विजेची तार गेली असेल तिथे लांब काठी उभारू नये. लहान मुलांनी काठावरूनच खेळावे. मोठ्यांनीही गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. आधी काठीने तळ चाचपावा. जवळ एक लांब दोर आणि त्याला बांधलेला झाकणबंद रिकामा कॅन असावा. बुडत्याकडे तो फेकता येतो. पोहणारा एक मोठा माणूस असा असावा की, ज्याच्या हातात काठी नाही, फोन नाही, आणि ज्याला मुलांवर नजर ठेवण्यावाचून दुसरे काम नाही. असा माणूस मिळत नसेल तर बेत रद्द करावा. मुलांचा रुसवा दोन दिवसांत जातो.

चौथी गोष्ट सामान. परदेशी काठी, फिरकी, दोर यांवर खर्च करण्याची सुरुवातीला गरज नाही. मघाशी जपानी पद्धत सांगितली, ती मुलांना उत्तम. नऊदहा फुटांचा सरळ, हलका, शेंड्याकडे लवचीक असा बांबू घ्यावा. त्याच्या टोकाला काठीएवढाच लांब, थोडा जाड दोर बांधावा, त्यापुढे हातभर बारीक नायलॉन, आणि शेवटी माशी. माशी मात्र घरीच बांधावी. सर्वांत लहान गळ, आजीच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा आणि कोंबडीचे एक पीस एवढ्यात ती होते. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करावा. म्हणजे तो माशाच्या तोंडातून सहज सुटतो आणि चुकून भावाच्या कानात रुतला तरी सहज निघतो. सर्वांनी टोपी घालावी. काठी फिरवताना मागे कोणी उभे राहू नये, आणि डोळ्यांवर साधा चष्मा असावा. दुपारच्या उन्हात घरात बसून माश्या बांधण्याचा हा उद्योग मुलींना आणि मुलांना सारखाच रमवतो, हे मुद्दाम सांगतो. कारण गळ म्हटला की आपण फक्त मुलगेच पुढे करतो.

परंतु माशी बांधायची म्हणजे कोणती माशी? तिचा रंग कोणता, आकार केवढा? इथे या विद्येचे मर्म आहे. त्या पाण्यातला मासा त्या दिवशी काय खातो आहे, हे पाहिल्यावाचून उत्तर देता येत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मुलांनी नदीवर जावे आणि काठी न नेता नुसते पाहावे. पाण्यावर काय उडते आहे? टोळ आहेत का? मुंग्या पडतात का? वाहत्या उथळ पाण्यात एखादा दगड उलटा करावा. त्याच्या पोटाशी चपट्या अंगाचे, मागे शेपटीचे दोनतीन तंतू असलेले किडे चिकटलेले दिसले, तर आनंद मानावा. ती एका नाजूक माशीची पिले असतात. ती माशी पंख फुटल्यावर फार तर दिवस दोन दिवस जगते, पण तिची पिले पाण्यात महिनोन्महिने वाढतात आणि त्यांतल्या बहुतेकांना स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. घाण पाण्यात ती आधी मरतात, मासे मागाहून. तेव्हा दगडाखाली ती नसली, नुसते बुळबुळीत शेवाळ आणि रक्तासारख्या लाल अळ्या असल्या, तर त्या नदीने आपल्याला काहीतरी सांगितले असे समजावे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. हा अहवाल आठ वर्षांच्या मुलीला वाचता येतो.

आता पहाट झाली. साडेपाचला घर सोडावे, सहाला काठावर असावे आणि नऊला गुंडाळावे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तो माणसाला जसा सोसत नाही तसाच माशालाही. पाणी जितके ऊन तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. अशा पाण्यात झुंजून थकलेला मासा आपण सोडून दिला तरी जगत नाही. म्हणून पहाटेचीच वेळ. या गळाला रोहू-कटला लागेल अशी आशा धरू नये; पाण्याच्या वरच्या थरात चमकणारी बोटभर रुपेरी मासोळी लागली तरी पुष्कळ झाले. ती हातात घेण्याआधी हात पाण्यात ओला करावा, कारण कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. आणि गळ शक्यतो ती पाण्यात असतानाच काढावा.

मग मासा खायचा की सोडायचा? यावर घरोघर दोन मते असतात. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, धाकट्या काकांना कालवण हवे असते. मी दोघांनाही एक व्यवहाराची गोष्ट सांगेन. पहिल्या पुरात पोहत वर चढून अंडी घालण्याची आपल्या पुष्कळ माशांची रीत आहे. त्यामुळे मे अखेरीस त्यांची पोटे अंड्यांनी भरू लागतात. तेव्हा धरलेली एक मादी म्हणजे पावसाळ्यातली हजारो पिले. तेव्हा पोट फुगलेला देशी मासा सोडावा. चिलापी लागली तर मात्र, ठेकेदार संस्थेची ना नसेल तर, काकांनी खुशाल घरी न्यावी. हा आफ्रिकेतला पाहुणा १९५२ साली भारतात आणला गेला आणि तळ्यातळ्यांतून इतका फोफावला की देशी माशांना जागा उरेनाशी झाली. माळेचा मान राहिला, काकांचे कालवणही झाले.

याही पलीकडे एक शंका उरते. मुक्या जिवाला फसवून खेळ करणे बरे का? आपल्या भाषेतच ‘गळाला लागणे’ म्हणजे फसणे. ही शंका मला खोटी म्हणवत नाही. कोणाचे मन घेत नसेल त्याने गळाचे टोकच मोडून टाकावे आणि नुसती माशी पाण्यावर उतरवून मासा वर येतो की नाही एवढे पाहावे. या विद्येतला खरा आनंद मासा फसला की नाही याच्यापेक्षा आपण नदीला ओळखले की नाही, यात आहे. मासा वर आला म्हणजे आपली परीक्षा झाली.

ही परीक्षा आज का महत्त्वाची, ते सांगून आटोपते घेतो. लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महासीरची पिले कृत्रिम रीतीने वाढवायला सुरुवात केली. चिं. वि. कुळकर्णी आणि ओगले यांनी त्यावर मोठे काम केले. त्या कामाची गरज पडली, कारण धरणांनी वाटा अडल्या, पाणी बिघडले आणि मासा विरळ झाला. पण पिले निपजवणे सोपे, नदी निपजवणे कठीण. ज्या पिढीने नदी कधी पाहिलीच नाही, तिला नदी गेली हे कळणार कसे? आपल्या लहानपणी नदीवर पोहायला, कपडे धुवायला, पाणी आणायला जावेच लागे. त्यामुळे तिच्यात जरा फरक झाला तरी घरात चर्चा होई. नळ घरात आला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर नदीकडे जाणारी वाट मोडली. ती वाट पुन्हा पडायची तर मुलांना तिकडे जाण्यासाठी काहीतरी कारण पाहिजे. ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकून कोणतेही मूल पहाटे साडेपाचला उठणार नाही. मासे धरायला चल म्हटले तर ते साडेचारलाच उठून बसेल.

आणि चौकशीअंती समजले की यंदा बंधारा कोरडा आहे, तर? तरीही जावे. कोरड्या पात्रात मुलांना चालवावे, वाळूचे खड्डे दाखवावेत, पूर्वी डोह कुठे होता ते आजोबांनी काठीने दाखवावे. बांधलेल्या माश्या एका डबीत जपून ठेवाव्यात आणि डबीवर सालाचा आकडा घालावा. पुढच्या वर्षी मुले आजोळी येतील तेव्हा सामान ठेवायच्या आधी विचारतील, ‘मामा, गंगेला पाणी आहे का?’ गावात असा प्रश्न विचारणारी दहा मुले झाली, की मोठ्यांनाही उत्तर शोधावे लागेल.

सुटीला अजून थोडे दिवस आहेत. बांबू निवडायला आणि माश्या बांधायला तेवढे पुरेत. पाण्याची चौकशी मात्र उद्याच सुरू करावी.